संसदेच्या समित्या: नागपुरातून वापरायच्या तर कशा, आणि कितपत कामाच्या

नागपुरात ‘समिती’ हा शब्द ऐकला की डिसेंबरातलं सिव्हिल लाइन्स डोळ्यांपुढे येतं. विधानभवनाकडे निघालेले मोर्चे, पोलिसांचे कठडे, पुरवणी मागण्या, हक्कभंगाच्या नोटिसा. तो सगळा राज्याचा कारभार. त्याच धर्तीची, पण आकाराने बरीच मोठी यंत्रणा दिल्लीत संसदेची आहे आणि ती नागपूरच्या माणसालाही वापरता येते. तिच्याकडे नागरिकाला मिळणारी सेवा म्हणून पाहायचं, कुठे काम होतं आणि कुठे अडतं ते सांगायचं, एवढ्यासाठी हे परीक्षण.

सेवेला पैसे पडत नाहीत. वकील लागत नाही. उपयोगाचे भाग चार: समित्यांचे अहवाल वाचणं, समितीला निवेदन देणं, सभागृहाकडे याचिका करणं आणि मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा. गुण आधीच देऊन टाकतो. पाचपैकी अहवालांना साडेचार, निवेदनाला तीन, याचिकेला अडीच, आश्वासन समितीला चार. संघटना चालवणारे, पत्रकार, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी आणि कामगार संघटनांचे पदाधिकारी यांना ही सेवा मनापासून सुचवू. वैयक्तिक बदली, पेन्शन किंवा एखाद्या टेंडरची तक्रार घेऊन जाणाऱ्याने इथे वेळ घालवू नये. रोजच्या प्रशासनात मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या विभागवार समित्यांनी लक्ष घालायचं नाही, असं नियमातच लिहिलेलं आहे.

आधी मालक कोण ते समजून घ्या, कारण पत्र कोणाच्या नावे जाणार ते त्यावर ठरतं. लोकसभेचे ५४३ सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात. सध्या ओम बिर्ला आहेत. २६ जून २०२४ ला ते दुसऱ्यांदा निवडून आले. राज्यसभेत अशी निवड होत नाही. उपराष्ट्रपती असतील तेच तिथले सभापती. सप्टेंबर २०२५ पासून तिथे सी. पी. राधाकृष्णन आहेत, म्हणजे त्याआधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते तेच. लोकसभेचे ‘अध्यक्ष’ आणि राज्यसभेचे ‘सभापती’ ही अदलाबदल पत्रात करू नका. आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषदेतही हीच दोन नावं याच क्रमाने आहेत, तरी ही चूक फार होते.

अध्यक्षांचं काम सभागृहात शांतता राखण्यापुरतं असतं असं टीव्हीवर पाहून वाटतं. समित्यांच्या बाबतीत खरी सत्ता त्यांच्याकडे आहे. सदस्यांची नावं पक्ष आपापल्या संख्याबळाप्रमाणे देतात, पण नेमणूक अध्यक्ष किंवा सभापती करतात आणि समितीचा प्रमुखही तेच ठरवतात. सभागृहाचे उपाध्यक्ष एखाद्या समितीत असले तर प्रमुखपद आपोआप त्यांच्याकडे जातं. म्हणून उपाध्यक्षपद रिकामं ठेवणं ही साधी बाब नाही. घटनेच्या कलम ९३ मध्ये अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघांचीही निवड सांगितली आहे, तरी १७ व्या लोकसभेच्या पूर्ण कार्यकाळात उपाध्यक्ष निवडला गेलाच नाही. या सेवेतली ही उघड त्रुटी आहे आणि आम्ही तिचे गुण कापले आहेत.

विरोधी पक्षनेत्याचं पदही असंच. पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी एक दशांश सदस्यसंख्येचा दंडक घातला आणि तो पुढे चालत राहिला. ५४३ पैकी ५५ जागा विरोधातल्या कोणत्याच पक्षाकडे नव्हत्या म्हणून २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं लोकसभेला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं प्रमुखपद मात्र १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात त्या काळातही टिकला. प्रघात आहे, कायदा नाही, हे लक्षात असू द्या.

आता मुख्य माल. मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या विभागवार स्थायी समित्या २४ आहेत. १९९३ मध्ये, लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, ही पद्धत १७ समित्यांनी सुरू झाली. २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री एकही नसतो. २४ पैकी १६ लोकसभा अध्यक्षांच्या अखत्यारीत, ८ राज्यसभा सभापतींच्या. इथे लोक अडखळतात, कारण आपला विषय कोणत्या समितीत बसतो हे नावावरून नेहमी कळत नाही.

नागपूरपुरतं सांगतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं इथे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचंही इथेच. तिन्ही तीन वेगळ्या मंत्रालयांखाली आहेत, कोळसा, पोलाद आणि खाण. पण समिती एकच, कोळसा-खाण-पोलाद, लोकसभेची. एम्सचा प्रश्न आरोग्य समितीकडे, ती राज्यसभेची. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि पेंचचा वाघ-मार्ग हे दोन्ही विज्ञान-तंत्रज्ञान-पर्यावरण-वने समितीत, तीही राज्यसभेची. राष्ट्रीय महामार्ग आणि विमानतळ परिवहन-पर्यटन-संस्कृती समितीत, पुन्हा राज्यसभा. रेल्वेला स्वतंत्र समिती आहे, ती लोकसभेची. मेट्रो गृहनिर्माण व नगर व्यवहार समितीत, नाग नदीच्या शुद्धीकरणाचा केंद्रीय निधी जलसंपदा समितीत, अंबाझरीची आयुध निर्माणी संरक्षण समितीत. संत्र्याचं उत्पादन, रोपं, कीड हे कृषी समितीचं काम. तोच संत्रा बांगलादेशाच्या सीमेवर आयातशुल्काने अडला की विषय वाणिज्य समितीचा होतो.

सगळ्यात जास्त चुकीचे पत्ते स्फोटकांच्या कारखान्यांबाबत पडतात. नागपूरच्या आसपास असे कारखाने बरेच आहेत आणि अपघातही होतात. स्फोट म्हणजे गृह मंत्रालय, असं समजून लोक गृह समितीला लिहितात. स्फोटकांचा परवाना देणारी पेसो ही संस्था (तिचंही मुख्यालय नागपुरात) वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली येते, म्हणून परवान्याचा आणि तपासणीचा मुद्दा वाणिज्य समितीकडे. कामगार सुरक्षेचा कायदा अपुरा असेल तर श्रम-वस्त्रोद्योग-कौशल्य समितीकडे. कारखान्याची प्रत्यक्ष तपासणी करणारं औद्योगिक सुरक्षा संचालनालय राज्याचं, तो भाग संसदेत जातच नाही, तो विधिमंडळाकडे. एका अपघाताचे असे तीन तुकडे करून तीन ठिकाणी पाठवले तरच काही हाती लागतं. सगळं एकाच पानावर लिहिलं की तिन्हीकडून ‘आमच्या कक्षेत नाही’ असं उत्तर येऊ शकतं.

कोराडीचंही तेच आहे. वीजकेंद्र राज्याच्या कंपनीचं, पण धुराची आणि राखेची मानकं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची. मानकं आणि त्यांच्या मुदतवाढीबद्दल बोलायचं असेल तर संसद. केंद्र कसं चालवलं जातंय यावर बोलायचं तर राज्य.

विषय जमला तरी वेळ चुकली की मेहनत वाया जाते. विभागवार समितीची मुदत एक वर्षाची असते. मुदत संपली की नव्या याद्या लागेपर्यंत बैठका होत नाहीत. १८ वी लोकसभा जून २०२४ मध्ये बसली, पण या समित्या २६ सप्टेंबर २०२४ ला जाहीर झाल्या. मधले तीन महिने दार बंद होतं. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास हा खंड येतो. नव्या समितीने वर्षभरासाठी विषय निवडले की मग निवेदन पाठवण्यात अर्थ आहे. विषयांची निवड म्हणजे समितीचा वर्षाचा आराखडा. त्यात तुमचा विषय असेल तर तुमचं पान वाचलं जाण्याची शक्यता खूप वाढते. नसेल तर ते फाइलला लागतं. एका वर्षाची मुदत खरोखर अपुरी आहे. सदस्यांना विषय कळू लागतो तोवर समिती बदलते. यात सुधारणा झालीच पाहिजे.

फेब्रुवारी-मार्च हा दुसरा महत्त्वाचा काळ. अर्थसंकल्प मांडल्यावर संसदेला मधली सुट्टी असते आणि तेव्हा या समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात. सभागृहात बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविनाच एका दमात मंजूर होतात, त्यालाच गिलोटीन म्हणतात. त्यामुळे एखाद्या मंत्रालयाने गेल्या वर्षी किती मागितलं, किती मिळालं, किती खर्च झालं हे आकडे बाजूबाजूला ठेवून कोणी पाहत असेल, तर ते याच अहवालात. रेल्वेच्या किंवा कोळशाच्या वार्ताहराने मार्चमधला हा एक अहवाल वाचला तरी वर्षभराच्या बातम्यांची सोय होते.

आता अहवाल वाचायचा कसा, कारण तिथेच या सेवेचं मोल आहे. अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, जुने डिजिटल ग्रंथालयात. इंग्रजी आणि हिंदी, दोन्ही भाषांत. मराठीत नाहीत, आणि साडेचारवरचा अर्धा गुण आम्ही तिथेच राखला. पहिली पानं समितीच्या सदस्यांची आणि प्रस्तावनेची असतात. प्रस्तावनेत साक्षीची तारीख आणि अहवाल मंजूर केल्याची तारीख दिलेली असते. ती बघून पुढे जा. मधला भाग म्हणजे समितीचा प्रश्न, मंत्रालयाचं उत्तर, परत प्रश्न, परत उत्तर. साक्षीला मंत्री बसत नाहीत, सचिव आणि त्यांचे अधिकारी बसतात. समितीच्या शिफारशी ठळक अक्षरांत, क्रमांक देऊन छापतात. घाई असेल तर तेवढ्याच वाचा. शेवटच्या जोडपत्रांत बैठकांचं इतिवृत्त असतं आणि त्यात साक्षीला आलेल्या अधिकाऱ्यांची पदं. कोणत्या विभागाचा माणूस समोर बसला होता हे तिथे दिसतं, आणि पुढे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर तो कोणाच्या नावे करायचा याचा धागा तिथूनच मिळतो.

मूळ अहवालापेक्षा त्यानंतरचा कार्यवाही अहवाल जास्त कामाचा असतो, आणि तो कमी लोक उघडतात. शिफारशींवर काय केलं हे सरकारने तीन महिन्यांत कळवायचं असतं. त्यावर समिती पुन्हा अहवाल काढते. त्याची ठेवण पक्की आहे, पाच प्रकरणं. पहिल्यात समितीची टिप्पणी. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्या उत्तरांनी समितीचं समाधान झालं नाही त्या. पाचव्यात ज्यांचं अंतिम उत्तर अजून आलेलं नाही त्या. सुरुवात चौथ्यापासून करा, मग पाचवं, मग पहिलं. दुसरं प्रकरण सगळ्यात जाड असतं आणि त्यातल्या बऱ्याच ‘मान्य’ शिफारशींपुढे ‘नोंद घेतली’ एवढंच लिहिलेलं असतं. लोकसभेच्या अहवालांत शेवटच्या पानावर एक छोटा तक्ता असतो: एकूण शिफारशी किती, प्रत्येक प्रकरणात किती, टक्केवारी किती. तो एक तक्ता पाहिला की मंत्रालयाने समितीला कितपत मनावर घेतलं ते कळतं.

शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. नियमांच्या भाषेत ती विचारपूर्वक दिलेला सल्ला आहे. ‘समितीने आदेश दिला’ अशी बातमी कुठे दिसली तर ती चुकीची समजा.

निवेदन देण्याची पद्धत सोपी आहे. समिती एखाद्या विधेयकावर किंवा विषयावर मतं मागवते तेव्हा वर्तमानपत्रात आणि संकेतस्थळावर सूचना येते. मुदत बहुतेक वेळा १५ दिवसांची. निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत, दोन प्रती. साक्षीला बोलावलं जावं अशी इच्छा असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. बोलवायचं की नाही हे समिती ठरवते. निवेदन समितीच्या दप्तराचा भाग बनतं आणि गोपनीय मानलं जातं, म्हणून तेच निवेदन पत्रकार परिषदेत वाटू नका. विधेयक असेल तर कलमवार तक्ता करा: कलम क्रमांक, सध्याची शब्दरचना, सुचवलेली शब्दरचना, कारण. कारण तीन ओळींत. विदर्भातला एखादा प्रत्यक्ष दाखला आणि त्याचा कागद जोडला तर उत्तम.

एकाच मजकुराच्या हजारो सह्यांचा मोह टाळा. वक्फ सुधारणा विधेयकावरच्या संयुक्त संसदीय समितीकडे (दोन्ही सभागृहांची, त्या एका विधेयकापुरती नेमलेली) २०२४ मध्ये ९७ लाखांहून अधिक निवेदनं आली. इतक्या ढिगात उठून दिसतं ते कलमाला कलम लावून लिहिलेलं पानच.

सेवेचा सगळ्यात मोठा दोष इथे सांगायला हवा. विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही, आणि पाठवलं तर कोणत्या, हे नागरिकाच्या हातात नाही; समितीच्याही नाही. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या मोजणीनुसार १५ व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. १७ व्या लोकसभेत १६ टक्के. २०२३ चं वन संवर्धन सुधारणा विधेयक पाहा. झुडपी जंगलाचा प्रश्न ज्या विदर्भात वर्षानुवर्षं लोंबकळतो आहे, त्याच्याशी थेट नातं असलेला हा कायदा. पर्यावरणाची स्थायी समिती अस्तित्वात होती, तरी विधेयक वेगळी संयुक्त समिती नेमून तिकडे पाठवलं गेलं, आणि त्या समितीने विधेयकात एकही बदल सुचवला नाही. काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपली लेखी असहमती, जोडल्या. त्या अहवालाच्या शेवटी छापलेल्या आहेत, आणि त्या जरूर वाचा. विरोधातली नेमकी बाजू कित्येकदा त्यांतच सापडते. लोकलेखा आणि अंदाज समित्यांच्या अहवालांना अशी भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही.

बैठका बंद दाराआड होतात. संसद टीव्हीवर सभागृह दिसतं, समिती दिसत नाही. यामागे कारण आहे: कॅमेरा नसला की सदस्य पक्षाची भूमिका थोडी बाजूला ठेवून बोलतात. ते मान्य आहे. तरी विषय तज्ज्ञांच्या साक्षीचा असेल तेव्हा ती खुली ठेवायला काय हरकत असावी, हे आम्हाला पटलेलं नाही.

याचिकेचा मार्ग अवघड आहे, कारण त्यात तांत्रिक चुकीला माफी नाही. विषय सार्वजनिक हिताचा आणि केंद्राच्या कक्षेतला हवा. न्यायालयात चालू असलेला, राज्याच्या अखत्यारीतला, किंवा कायद्याने दुसरा उपाय उपलब्ध असलेला विषय चालत नाही. म्हणजे महापालिकेचा टॅक्स, गुंठेवारी, नासुप्रचा भूखंड हे इथे आणू नका; त्यासाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिता येते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडून त्यावर याचिकाकर्त्याची सही लागते. भाषा संयमी हवी. शेवटी नेमकी मागणी. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही, किंवा अंगठा. सह्या एकाहून अधिक कागदांवर गेल्या तर मागणीचा मजकूर प्रत्येक कागदाच्या वर पुन्हा लिहावा लागतो. मोर्चात कोऱ्या कागदांवर गोळा केलेल्या सह्या इथेच बाद होतात. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, इतर कागद जोडायचे नाहीत. निवेदनाच्या अगदी उलट, म्हणून दोन्हींचा गठ्ठा एकत्र करू नका.

याचिका खासदारामार्फत सादर करायची तर त्याची प्रतिस्वाक्षरी हवी. नागपूरचे लोकसभा खासदार २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत, आणि मंत्री या समित्यांवर नसतात. म्हणून रामटेक, वर्धा, भंडारा-गोंदिया अशा शेजारच्या मतदारसंघातले खासदार पाहा. आपला विषय ज्या समितीत आहे तिचा सदस्य विदर्भातला कोणी असेल तर पहिली भेट त्याची घ्या. खासदार मिळाला नाही तर याचिका सभागृहाच्या सरचिटणीसांकडेही पाठवता येते. लोकसभेच्या याचिका समितीत १५ सदस्य असतात, राज्यसभेची समिती वेगळी, १० जणांची. अहवाल यायला वेळ लागतो. आंदोलनाला पर्याय म्हणून याचिकेकडे पाहणाऱ्याची निराशा होईल.

लोकलेखा समितीबद्दल थोडक्यात. २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, निवडणुकीने. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालांवर काम. सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयाने विदर्भातल्या राज्य सरकारी खात्यांचं केलेलं लेखापरीक्षण इथे येत नाही. ते विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातं.

आश्वासन समिती ही या सगळ्यातली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात हाताशी असलेली सोय. मंत्री सभागृहात उत्तर देताना ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘बाब विचाराधीन आहे’ असं म्हणतात. ठरावीक शब्दप्रयोगांची यादीच आहे. त्यातला शब्द आला की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. नागपूरवरचे प्रश्न बहुतेक अतारांकितमध्ये असतात, उत्तर लेखी असतं, आणि संकेतस्थळावर मंत्रालयाच्या नावाने शोधता येतं. प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्रालय आणि उत्तरातलं ते एक वाक्य जसंच्या तसं, असं एक पान तयार करा. तीन महिने उलटले की ते हिंदी किंवा इंग्रजीत आश्वासन समितीच्या नावे, संसद भवन सौध, नवी दिल्ली ११०००१ या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. पाकिटावर सभागृहाचं नाव घाला, कारण ही समिती लोकसभेचीही आहे आणि राज्यसभेचीही.